अमरिलिसची बियांची रोपं: पहिल्या हिवाळ्यात पाणी तोडू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकला गच्चीवरच्या अमरिलिसला बोंडं धरली, मे अखेरीस तुम्ही बी पेरलं, चाळीसेक रोपं आली आणि पावसाळाभर चांगली वाढली. नोव्हेंबरात ‘कंदाला विश्रांती लागते’ असं वाचून पाणी पूर्ण बंद केलं. फेब्रुवारीत पुन्हा सुरू केलं, तेव्हा पंधराच उरली आणि तीही वाटाण्याएवढी. विश्रांती दोन महिन्यांची हवी होती की तीन, असं तुम्ही विचारता. शिवाय पिवळी रेन लिली आणि कळलावी यांची रोपंही बियांपासून केली आहेत, त्यांना हाच नियम लावायचा का?

इथे महिने मोजून उपयोग नाही. अमरिलिसच्या बियांच्या रोपाला, त्याचा कंद फुलण्याजोगा होईपर्यंत, विश्रांती द्यायचीच नसते. विश्रांतीचा सल्ला मोठ्या, फुलण्याजोग्या कंदासाठी असतो आणि तो रोपाला लावला की नेमकं हेच होतं. कळलावीचं मात्र अगदी उलट आहे आणि रेन लिली या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसते. तिन्हींना ‘कंदवर्गीय’ म्हणून एकच वेळापत्रक लावलं जातं, तिथे घोटाळा होतो.

तुम्ही कांद्याच्या जिल्ह्यात आहात, तेव्हा कांदाच डोळ्यांसमोर आणा. आडवा चिरल्यावर दिसणारा प्रत्येक वेढा हा एका पानाचा फुगलेला बुडखा असतो. अमरिलिसचा कंद तसाच बनतो: एक पान आलं, त्याने ऊन खाल्लं, साखर बुडख्यात साठवली, पान गेलं तरी बुडखा वेढा म्हणून राहिला. म्हणजे पानं जितकी जास्त येतील आणि जितकी जास्त दिवस हिरवी राहतील, तितका कंद जाड. फरक इतकाच की कांद्याची पात वाढ पुरी झाल्यावर आपणहून माना टाकते आणि मग शेतकरी पाणी तोडतो. अमरिलिसचं रोप माना टाकत नाही. पाणी आणि ऊब मिळत राहिली तर ते हिवाळ्यातही दोन-तीन पानं धरून उभं राहतं. त्याला झोपायचं नसताना आपण नळ बंद करतो, तेव्हा पानं उपासमारीने पिवळी पडतात आणि आपल्याला वाटतं की ते ‘विश्रांतीत गेलं’.

मोठ्या कंदात पंधरा-वीस वेढे असतात, बाहेर कोरड्या सालींची जाड गुंडाळी असते. असा कंद दोन महिने कोरडा राहिला तरी आतून ओला असतो. पाच महिन्यांच्या रोपाच्या कंदाला तीन-चार वेढे आणि नावाला एक साल. तो आकाराने लहान, म्हणून आतल्या पाण्याच्या मानाने त्याचा उघडा पृष्ठभाग खूप मोठा. नाशिकच्या कोरड्या डिसेंबरात तो सुकायला तीन-चार आठवडे पुरतात. त्यात मुळांचं वेगळंच गणित आहे. अमरिलिसची जाड पांढरी मुळं एका हंगामाची नसतात, ती वर्षानुवर्षं टिकतात. कोकोपीट पूर्ण कोरडं झालं की ती मरतात. मग फेब्रुवारीत पाणी घातलं तर ते प्यायला कोणी नसतं, ओल कंदाच्या तळाशी साचून राहते आणि मेलेल्या मुळांच्या वाटेने बुरशी आत शिरते.

म्हणून गेलेली पंचवीस रोपं दोन वेगळ्या कारणांनी गेली असणार. कुंडीत अवशेष असतील तर बोटांत दाबून बघा. कागदासारखं पोकळ, हलकं आणि बिनवासाचं लागलं तर ते थंडीतच सुकून मेलं. मऊ, तपकिरी आणि कुजका वास असेल तर ते फेब्रुवारीपर्यंत जिवंत होतं आणि एकदम भरपूर पाणी घातल्यामुळे गेलं. दुसऱ्या प्रकारचे जास्त निघाले तर उरलेल्या पंधरांवरही तोच धोका आहे, म्हणून आधी पाण्याचा हात आखडा.

हा सल्ला येतो कुठून, तेही सांगते, कारण पुढेही तो तुमच्यासमोर येणार. युरोप-अमेरिकेत अमरिलिस नाताळात घरात फुलवतात. त्यासाठी तिथे ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी तोडून कंद आठ-दहा आठवडे साधारण १३ अंशांच्या गारव्यात कोरडा ठेवतात. आपल्याकडे ऑगस्ट म्हणजे कंद भरण्याचा ऐन हंगाम. दुसरा घोळ नावाचा आहे. आपण ज्याला अमरिलिस म्हणतो तो वनस्पतिशास्त्रात हिपिअ‍ॅस्ट्रम, मूळचा दक्षिण अमेरिकेचा. खरा अमरिलिस, अमरिलिस बेलाडोना, दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातला. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून तो उन्हाळा कोरडा झोपून काढतो आणि नंतर पानांशिवाय नुसत्या दांड्यावर फुलतो. नावाचा वाद बरीच वर्षं चालला. अखेर १९८७च्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत अमरिलिस हे नाव आफ्रिकी झाडाकडेच राहिलं, पण बाजाराने ते ऐकलं नाही. त्यामुळे ‘अमरिलिसला उन्हाळ्यात पाणी देऊ नका’ असं कुठे वाचलंत तर तो सल्ला दुसऱ्याच झाडाचा आहे.

आता काही गोष्टी जागेवर अवलंबून आहेत, त्या मान्य करायला हव्यात. नाशिक-पुण्याला डिसेंबर-जानेवारीच्या रात्री दहा अंशांच्या आसपास किंवा त्याखाली जातात, त्यामुळे वाढ मंदावते. कोकणात आणि गोव्यात हिवाळा इतका उबदार असतो की रोपाला थांबायचं कारणच मिळत नाही. तिथे पाण्यात किरकोळ कपात पुरते. विदर्भात हिवाळ्यापेक्षा मे महिना कठीण, तिथे रोपांना पन्नास टक्क्यांच्या शेडनेटखाली ठेवावंच लागतं. मातीची कुंडी प्लॅस्टिकच्या कुंडीपेक्षा खूप लवकर वाळते. म्हणून पुढे दिलेले आकडे नाशिकच्या गच्चीवरच्या प्लॅस्टिक कुंडीचे समजा आणि बोटाने माती तपासूनच पाणी द्या.

पुढच्या खेपेसाठी सुरुवातीपासून. फूल उमलल्यावर एक-दोन दिवसांत पुंकेसरांवर पिवळी पूड दिसते, पण कुक्षी, म्हणजे फुलाच्या मधल्या लांब दांडीचं टोक, तेव्हा तयार नसते. ती आणखी दिवस-दोन दिवसांनी टोकाला तीन पाकळ्यांसारखी फाकते. परागकण तेव्हा लावायचे, सकाळी, मऊ कुंचल्याने किंवा सरळ पुंकेसर चिमट्यात धरून. बाजारातल्या बहुतेक मोठ्या फुलांच्या संकरित जाती स्वतःच्या परागावर बी धरतात. मूळ रानटी जातींपैकी बऱ्याच धरत नाहीत, त्यांना दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. एका दांड्यावर एकच बोंड ठेवा, बाकीची काढून टाका, नाहीतर आईकंद पुढच्या वर्षी रुसतो. आणि संकरित झाडाचं बी आईसारखं फूल देत नाही, हे आधीच धरून चाला. बियांपासून वाढवण्याची गंमतही त्यातच आहे. या गटातला पहिला नोंदलेला संकर १७९९ मध्ये जॉन्सन नावाच्या एका इंग्रज घड्याळजीने केला. लाल पाकळीवर मधोमध पांढरी रेघ असलेलं ते फूल आजही लागवडीत आहे.

बोंड पाच-सहा आठवड्यांत पिवळं होतं आणि वरून तडकू लागतं. तडकायला लागताच तोडा, वाऱ्यावर बी उडून जातं. आत तीन कप्प्यांत काळ्या, कागदासारख्या पातळ चकत्या रचलेल्या असतात. उजेडासमोर धरल्यावर मधोमध फुगीर गाठ दिसली तर आत अंकुर आहे. नुसतं सपाट पापुद्र्यासारखं असेल तर ते फोल. बी दोन दिवस सावलीत सुकवून लगेच पेरायचं. घरच्या तापमानाला ठेवलेलं बी काही महिन्यांत मरत जातं. ठेवायचंच असेल तर कागदी पाकिटात घालून डबीबंद करून फ्रिजमध्ये.

उगवण दोन प्रकारे होते. पाण्यावर तरंगवण्याची रीत नवशिक्यांना आवडते, कारण सगळं दिसतं: पसरट भांड्यात पाच सेंटिमीटर पाणी, वर बी पसरून टाकायचं, दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं, उजेड हवा पण ऊन नको. दहा-पंधरा दिवसांत मूळ निघतं. ते सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर झालं की मातीत न्यायचं. त्याहून जास्त वाट पाहिली तर पाण्यात वाढलेलं मूळ मातीत नीट रुळत नाही. मला थेट पेरणी जास्त पटते, कारण कोवळं मूळ हाताळावंच लागत नाही. धुतलेलं कोकोपीट दोन भाग, चाळलेलं गांडूळखत एक भाग, जाड वाळू किंवा परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) एक भाग. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून पिळून घ्या, त्यातला क्षार कोवळ्या मुळांची टोकं जाळतो. बी तीन सेंटिमीटर अंतरावर आडवं ठेवून वर तीन-चार मिलिमीटर मिश्रण भुरभुरवा. जास्त खोल गेलं तर कुजतं, उघडं राहिलं तर मूळ वर उचललं जातं. १५ सेंटिमीटरच्या कुंडीत दहा रोपं आरामात राहतात आणि एकट्यापेक्षा अशी दाटीत बरी वाढतात, कारण मधली माती फार वेळ ओली राहत नाही.

पहिलं पान गवताच्या पात्यासारखं येतं. पुष्कळ रोपं तण समजून उपटली जातात, म्हणून कुंडीवर चिठ्ठी लावा. पावसाच्या सरी थेट पडू देऊ नका. पत्र्याखाली पण उजेडात ठेवा, सकाळचं तीन-चार तास ऊन मिळालं तर उत्तम. तिसरं पान आलं की १९:१९:१९ विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी, ओल्या मातीत. ऑक्टोबरपासून लिटरला एक ग्रॅम चालतं. गांडूळखताचा थर वर सतत देत गेलात तर छोट्या काळ्या चिलटांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. वरची सेंटिमीटरभर माती मधूनमधून वाळू दिली आणि वाळूचा पातळ थर दिला की त्या आटोक्यात येतात.

आणि आता तो हिवाळा. नोव्हेंबरपासून खत बंद, पाणी चालू. बोट दोन सेंटिमीटर आत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. १५ सेंटिमीटरच्या कुंडीला डिसेंबरात हे साधारण सहा-आठ दिवसांनी येतं आणि तेव्हा कपभर, म्हणजे दीडशे मिलिलिटर पुरतं. सकाळी घाला, म्हणजे रात्रीच्या गारठ्यात माती थबथबलेली नसते. कुंड्या पश्चिमेला किंवा दक्षिणेला तोंड असलेल्या भिंतीला टेकवून ठेवा, दिवसा तापलेली भिंत रात्री ऊब देते. एखाद्या रोपाने तरीही सगळी पानं टाकली तर घाबरू नका. त्याचं पाणी आणखी कमी करा, दहा-बारा दिवसांनी चार चमचे, पण कुंडी हाडासारखी कोरडी होऊ देऊ नका. फेब्रुवारीत उन्हाचा जोर वाढला की नवं पान दिसतं. तेव्हा खत पुन्हा सुरू.

या पद्धतीने पहिल्या दिवाळीला कंद वाटाणा ते गोटीएवढा, दुसऱ्या दिवाळीला लिंबाएवढा आणि तिसऱ्या दिवाळीला पाच-सहा सेंटिमीटर व्यासाचा होतो. फुलण्यासाठी कंदाचा घेर वीस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे व्यास साडेसहा सेंटिमीटर, लागतो. त्यामुळे पहिलं फूल तिसऱ्या किंवा चौथ्या उन्हाळ्यात. मध्ये एकदा जरी पाणी तोडलं तरी वर्ष वाया जातं, कारण गेलेली पानं म्हणजे न बनलेले वेढे. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत दाटी मोडून प्रत्येकाला १२ ते १५ सेंटिमीटरची कुंडी द्या, मुळं न कापता. तिसऱ्या वर्षी २० सेंटिमीटरची. लहान रोपाचा कंद मातीत जेमतेम झाकलेला असावा, मोठ्याची मान आणि वरचा तिसरा हिस्सा बाहेर. लहान कंदांची मुळं आखडून त्यांना खाली ओढत असतात, म्हणून ते दर वर्षी थोडे खोल गेलेले दिसले तर चिंता नको.

विश्रांतीचा प्रश्न या टप्प्यानंतर येतो, आणि तेव्हाही तिचा उद्देश समजून घ्यायला हवा. फूल विश्रांतीत तयार होत नाही. कंदाच्या पोटात साधारण दर चार पानांमागे एक कळी बसते आणि बाहेर यायच्या कितीतरी महिने आधी ती तिथे असते. विश्रांतीने फक्त सगळ्या कळ्या एकाच वेळी उठतात. म्हणून ज्या कंदाने वर्षभरात तीनच पानं काढली त्याला कितीही कोरडं ठेवा, फूल येणार नाही. आठ-दहा पानं काढणारा कंद दोन दांडे देऊ शकतो. मोठ्या कंदाचं पाणी नाशिकला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून तोडा, कुंडी छपराखाली न्या, कारण अवकाळी पावसाची एक सर सगळं बिघडवते. पानं हिरवी असताना कापू नका. ती आपणहून पिवळी होऊन गळाली पाहिजेत, तोवर त्यांतला अन्नरस कंदात उतरत असतो. आठ-दहा आठवड्यांनी मानेतून दांड्याचं किंवा पानाचं टोक दिसलं की २० सेंटिमीटरच्या कुंडीला एकदाच पेलाभर पाणी, आणि मग आठवडाभर थांबा. दांडा बोटभर झाला की नेहमीचं पाणी. पपिलिओसारखी सदाहरित जात असेल तर तिला मोठी झाल्यावरही कोरडं करू नका.

पावसाळ्यात एका शत्रूकडे रोज लक्ष ठेवा. काळ्या अंगावर पांढरे आणि लाल-नारिंगी ठिपके असलेली अळी घोळक्याने येते, पानाच्या पोटात शिरते आणि मानेतून थेट कंदात उतरते. मोठा कंद तिच्यातून वाचतो, रोप एका रात्रीत संपतं. पानाच्या मागच्या बाजूला अंड्यांचा पुंजका दिसला तर ते पान तेवढं पुसून काढा. अळ्या दिसल्या तर हाताने वेचा, निंबोळी अर्क त्या अगदी बारीक असतानाच काम करतो. पानांवर किंवा कंदावर विटकरी-लाल चट्टे दिसले तर ती बुरशी आहे. वरून पाणी घालणं थांबवा, बाधित पान तळापासून काढा आणि कुंड्यांमध्ये वारा खेळू द्या.

पिवळी रेन लिली सोपी. तिचं बोंड तीनेक आठवड्यांत तडकतं, ताजं बी दहा-पंधरा दिवसांत उगवतं आणि दाटीने वाढवलेली रोपं वर्षा-दोन वर्षांत फुलतात. पहिल्या हिवाळ्यात तिलाही अमरिलिसच्या रोपासारखंच बेताचं पाणी द्या. मोठी झाल्यावर तिला लांब झोप लागत नाही. उन्हाळ्यात तीन-चार आठवडे कोरडं ठेवून मग एकदा कुंडी भिजवली की काही दिवसांत कळ्या येतात. नळाच्या पाण्यापेक्षा वळवाची पहिली सर तिला जास्त उठवते, तेव्हा कुंडी उघड्यावर ठेवा. पांढरी रेन लिली मात्र ओलीतच खूश असते, तिला कोरडं करण्याची गरज नाही.

कळलावीला कंद म्हणतात तो खरं तर गाजरासारखा लांब, हाताच्या बोटाच्या आकाराचा गड्डा. ती पहिल्या वर्षापासून खरीखुरी झोपते. पावसाळा संपला की वेल पिवळा पडतो, आपण पाणी घातलं तरी पडतोच. पान पिवळं पडल्यावर पाणी चालू ठेवलं तर गड्डा कुजतो. म्हणून इथे पाणी तोडायचं, पण लहान गड्ड्याच्या कुंडीवर दोन-तीन आठवड्यांतून एकदा हलका शिडकावा, सावलीत. गड्डा शक्यतो खणू नका. त्याचा एकमेव कोवळा डोळा टोकाला असतो आणि तो मोडला की गड्डा धडधाकट दिसूनही कधी उगवत नाही. जूनमध्ये उशीर झाला तरी कुंडी टाकून देऊ नका. बियांची उगवणही अशीच अनियमित असते, काही पुढच्या पावसाळ्यात येतात. झाडाच्या सगळ्या भागांत कोल्चिसिन हे विष आहे, गड्ड्यात आणि बियांत विशेष. लहान मुलं किंवा पाळीव कुत्रं-मांजर असेल तर ही कुंडी त्यांच्या हाताला लागणार नाही अशीच ठेवा. मे महिन्यात लाल चेंडूसारखं फुलणाऱ्या फुटबॉल लिली मात्र अमरिलिसच्याच कुळातली. तिच्या लाल फळातला गर धुऊन बी ताजंच मातीवर टेकवून ठेवायचं, सुकवायचं नाही. तिच्या रोपाने पहिल्या हिवाळ्यात पान धरून ठेवलं तर पाणी चालू ठेवा, पान टाकलं तर तोडा.

आता तुमची पंधरा रोपं. कुंडीतून हलकेच काढा, मऊ पडलेली वेगळी करून फेकून द्या. उरलेल्यांचं तपकिरी, पोकळ मूळ ओढल्यावर सहज निघतं, तेवढंच काढा. पांढरं, ताठ मूळ एकही तोडू नका. कंद दिवसभर सावलीत उघडे ठेवा म्हणजे जखमा सुकतात. मग वर सांगितलेल्या मिश्रणात वाळू दुप्पट घेऊन दहा-बारा सेंटिमीटरच्या कुंड्यांत प्रत्येकी पाच लावा, मान मातीच्या वर. लावल्यावर आठवडाभर पाणी नको, मग कुंडीच्या कडेने तीन-चार चमचे, आणि नवं पान दिसेपर्यंत दर पाच-सहा दिवसांनी तितकंच. पान दोन इंच झालं की अर्ध्या ग्रॅमच्या मात्रेने खत सुरू करा. येत्या पावसाळ्यात ती पहिल्या वर्षाच्या रोपांसारखीच वाढतील, म्हणून त्यांच्या चिठ्ठीवर पेरणीचं वर्ष एकाने पुढचं लिहा आणि या डिसेंबरात कपभर पाणी चुकवू नका.